ताईच्या पसंतीचं स्थळ

देगू, २० ऑगस्ट १९८८

चि. ओकबुनला ताईचे अ. आ.

फोटो पोचला. तुझे हे हान दल्सू बोटींची इंजिनं दुरुस्त करतात म्हणतेस, आणि पायात पांढरे बूट? केसही रंगवलेले दिसतात. साठीला आलेला माणूस केस काळे करतो तेव्हा काहीतरी झाकत असतो. मला नाही पटलं. विधवा बहिणीने परत संसार मांडू नये असं म्हणणारी मी नव्हे, पण डोळे उघडे ठेव. गुडघा दुखतोय, तरी काळजी तुझीच.

तुझी,
मलसुनताई

योसू, २९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बूट फोटोवाल्याचे. त्यांचे स्वतःचे तेलाने माखलेले होते म्हणून त्याने घालायला दिले. केसांचं मात्र खरं आहे. माझ्या लग्नाआधी मिन्होच्या बाबांचे कान बघून तू म्हणाली होतीस, हा माणूस ऐकेल जगाचं आणि करेल स्वतःचं. बिचारे मरेपर्यंत माझंच ऐकत राहिले.

आई गेल्यापासून मला तूच आई. तू नको म्हणालीस तर मी त्यांना नाही म्हणून सांगेन, आणि पुन्हा विषय काढणार नाही. पण माणूस बघून नको म्हण. छुसकच्या सणाला योसूला ये. गुडघ्याला शेक मी देईन.

तुझीच,
ओकबुन

देगू, ४ ऑक्टोबर

चि. ओकबुनला अ. आ.

सुखरूप पोचले. चार दिवसांसाठी आले नि आठवडा राहिले, त्यावरून चिडवू नकोस.

माणूस उद्धट आहे. पहिल्याच जेवणाला मला तोंडावर सांगितलं, की सारातला मुळा तुम्ही जाड चिरलाय. मीही सुनावलं, की सार एवढं भुरकू नका, बंदरापर्यंत ऐकू जातं. त्यावर ते हसले आणि आणखी वाढून घेतलं. जाड होता खरा मुळा.

तर माझा होकार आहे. तेवढे केस सोडून.

ताई

योसू, २ डिसेंबर

ती. ताईस, सा. न.

तुझा होकार का आला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. धक्क्यावरच्या बाकावर तुम्ही दोघं रोज संध्याकाळी बसायचात. पोस्टमास्तरांची चाल, नव्या नवरीचे गाल, कोळणींच्या डोक्यावरचे छत्रीएवढे टोप, कुणालाही सोडलं नाहीत. मी मागून कालवांची पेज आणून देत होते आणि भांडी एकटी घासत होते. माझं मत कुणी विचारलं नाही.

म्हणून त्यांना कळवलं, ताई हो म्हणाली, मी अजून बघतेय. रोज संध्याकाळी या आणि भांडी घासा. आले. दोन वाडगे फोडले, पण एकही दिवस चुकवला नाही.

काल घासता घासता म्हणाले, तुझी ताई अख्ख्या गावात खोट काढते, पण लक्षात आलं का तुझ्या, प्रत्येक बाई ती तुझ्याशी ताडून बघते. ओकबुन असं चालत नाही, ओकबुन असं हसत नाही, हेच चाललेलं असतं.

ताई, एवढ्या वर्षांत हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्यांना हो म्हटलं.

लग्न वसंतात. लवकर ये. आता तू आणि ते, असे दोघं खोट काढणारे सांभाळायचेत मला, म्हणून माया जरा जास्तच पाठव.

तुझी,
ओकबुन