टोपी काचेत ठेवू नकोस

रोम, सोमवार

आई, आधी तुझ्या दोन्ही हातांचे मुके, मग बाकीचं.

मी बरी आहे. थोडा खोकला आहे, पण तो शिवणघरातल्या धुळीचा. बाबांचा गुडघा कसा आहे?

पोप गेल्यापासून सगळं शहर पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. घंटांचा आवाज फार लांबून येतो, माणसं तरंगत चालतात. एरवी शिव्या घालणारी आमची फळवालीसुद्धा काल हळूच म्हणाली, "तुरुंगात जाऊन कैद्यांच्या पंगतीला बसायचा गं तो. आता माझा पोरगा सुटून आला, तर त्याला दारातून हाकलू कशी मी?"

तुझं पत्र मिळालं. फादर गास्पारे मी पाठवलेली पोपची ती पांढरी टोपी आपल्या चर्चमध्ये काचेत ठेवणार म्हणे.

आई, लोक नवी टोपी पुढे करत, पोप ती घेत आणि आपल्या डोक्यावरची काढून देत, हे खरं आहे. मीही एक शिवून नेली होती. पण त्यांची गाडी माझ्यापाशी थांबलीच नाही. ऊन फार होतं, म्हणून ती टोपी मीच घालून घरी आले. तुला मात्र ती पोपची आहे असं खोटं लिहून पाठवली.

मग धाकट्या नुन्झियाचा ताप ती घातल्यावर कसा उतरला, असं तू विचारशील. अकरा दिवस तू तिच्या उशाशी बसली होतीस, आई.

टोपी काचेत ठेवू नकोस. ईस्टरला मी येते आहे. तोवर खोकला गेला नाही, तर ती माझ्या डोक्यावर घाल आणि उशाशी तशीच बस.

तुझीच,
एर्सिलिया