नदीकाठच्या वाटेचे फोटो

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी आत्याकडे जातेय, राहायलाच.

नदीकाठच्या वाटेचे चौफेर फोटो ऑनलाइन नकाशावर चढत नव्हते. दर वेळी 'ठिकाणाची माहिती नाही' म्हणून परत यायचे. मी फोनचं लोकेशन तपासलं, कॅमेरा पुन्हा जोडला. तू म्हणालास, "कॅमेराच गंडलाय, नाद सोड."

आज कॅमेऱ्यातलं कार्ड थेट कॉम्प्युटरला लावून पाहिलं. त्यातल्या प्रत्येक फोटोत ठिकाणाची नोंद आहे. तू तुकडे जोडून चौफेर करून दिलेल्या एकाही फोटोत नाही. सेव्ह करताना तूच ती काढून टाकत होतास.

तुझ्या बिल्डरसाहेबांना ती वाट बंद करायचीय, आणि ती वापरात आहे हे दाखवायला माझ्याकडे एवढेच फोटो होते. आत्याची चाकांची खुर्ची दवाखान्यापर्यंत त्याच वाटेने जाते, हेही तुला ठाऊक होतं.

नोकरीची भीती होती, तर सांगायचंस. मी कडाकडा भांडले असते, पण तुझ्या पाठीमागे काही केलं नसतं.

कार्डावरचे फोटो मीच जोडून चढवलेत. वाट आता नकाशावर दिसते.

आत्याला अजून काही बोलले नाही. तिला तूच येऊन सांग.