रबर लावलेली बाटली

प्रिय भिंगरी,

गाल कसा आहे? रंगपटाचे काका म्हणाले, सूज उतरली, पण डोळ्याखाली अजून साल निघतेय आणि हसलीस की ओढतं. मग हसू नकोस. माझी आठवण काढ, आपोआप हसू जाईल. कॅमेऱ्याच्या चाचणीला चार दिवस उरलेत. तेवढ्यात कातडी भरून येईल ना, एवढंच विचारत मी अकरा दिवस खोलीत येरझारा घालतोय. मी कामावर जात नाही हे घरी कळलंय. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण परवा आईला मोठ्याने म्हणाले, साहेबांची पुसापुशी बंद झाली वाटतं. आई माझ्या ताटात भाजी वाढत राहिली, मी नको म्हणालो तरी.

तुला माझा पहिला दिवस आठवतो? तू नाटकातली सत्तर वर्षांची म्हातारी होऊन आरशासमोर बसली होतीस आणि रंगपटाचे काका म्हणाले, रंग मी चढवायचा, पोऱ्याने उतरवायचा, आपल्याकडे हाच नियम. उतरव. मी पठ्ठ्या शहाणपणा करून आधी हात धुऊन आलो. ओल्या हातांवर तेल घेतलं, आणि ते तुझ्या सुरकुत्यांवरून नुसतं घसरत राहिलं. तू डोळे मिटून म्हणालीस, अरे काडेपेटी, म्हातारीला आंघोळ घालतोयस की तळतोयस? त्या दिवसापासून मी काडेपेटी. नाव ठेवताना तुला तरी कुठे माहीत होतं!

मग मी शिकलो. हात कोरडे, चेहरा कोरडा. तेल तळव्यांवर चोळून कोमट करायचं आणि कपाळापासून खाली गोल गोल फिरवायचं. नाकाच्या कडा, कानामागे, केसांची रेषा. डोळ्यांखाली मात्र तेलात भिजवलेला कापूस. घाई नाही. तेल रंगाला समजावतं आणि रंग आपणहून हात सोडतो. मग बोटं जराशी ओली करायची, तेल दुधासारखं पांढरं झालं की कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही. म्हातारी विरघळून खालून तू निघायचीस, रोज. माझ्यासाठी खरं नाटक पडदा पडल्यावर सुरू व्हायचं. जगात कशावरही भडकणारा मी, तेवढी पंधरा मिनिटं शहाण्यासारखा वागायचो.

त्या संध्याकाळीही तसाच वागत होतो. अर्धं कपाळ झालं होतं. तू मिटल्या डोळ्यांनीच सांगितलंस की सिनेमाच्या मोठ्या कंपनीचं बोलावणं आलंय, निवड झाली तर दोन वर्षं तिकडेच. मी विचारलं, आणि मी? तू हसलीस. म्हणालीस, तिथेही असतील की रे पुसणारे. ती थट्टा होती, मला आता कळतं. तेव्हाही कळत होती, पण डोक्यात राख गेली होती. पुढचं तुला माहीत आहे. तू किंचाळलीस, काका धावले, नळाखाली तुझा चेहरा धरला. डोळा वाचला. तेलाऐवजी दाढीमिशांचा डिंक सोडवायचं स्पिरिट कापसावर आलं होतं. काका म्हणाले, दोन्ही बाटल्या सारख्याच, पोरगं चुकलं. तू गालावर ओलं फडकं धरून नाटकाच्या मालकांना म्हणालीस, त्याला काढू नका, कुणाच्याही हातून झालं असतं. मी मान खाली घालून उभा होतो. सगळ्यांना वाटलं, लाजेने.

भिंगरी, काल तुझा निरोप आला. तू कंपनीला कळवलंयस की माझ्या चेहऱ्याला माझाच माणूस हात लावेल, त्याला घेऊन येते, नाहीतर मी येत नाही. एवढ्यासाठीच तर जीव टाकत होतो मी! निरोप ऐकला आणि हे पत्र लिहायला बसलो. तेलाच्या बाटलीला रबर आहे. दोन वेढे, मीच घातलेत, न बघताही हाताला कळावं म्हणून. त्या संध्याकाळी बाटली उचलली तेव्हा बोटांना रबर लागलं नाही. मला कळलं होतं. बूच उघडलं तेव्हा वासही आला होता. एक क्षण होता माझ्याकडे, पुरेसा मोठा. त्या क्षणात मला वाटलं, हा चेहरा बिघडला तर ही कुठेच जाणार नाही. मग कापूस भिजवला. चूक नव्हती ती. मी येणार नाही, आणि माझ्यावाचून जाणार नाही हा हट्ट तू सोड, पाया पडतो. रबर लावलेली बाटली या पत्रासोबत काकांच्या हाती देतोय, बूच उघडून त्यांना वास घ्यायला लावलाय. माझ्यावर आता विश्वास ठेवू नकोस, त्यांच्यावर ठेव. चाचणीनंतर रंग तूच उतरव. हात कोरडे कर आधी. हे वाचून डोळे पुसलेस, तर नंतर हात पुन्हा कोरडे कर.

तुझाच, आणि म्हणूनच तुझ्यापासून लांब,
काडेपेटी