अंधाराची जबाबदारी माझ्याकडे

३ मार्च
हिच्या गालातली गाठ परत आली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता डॉक्टरांनी नवीनच प्रकार सांगितला. आधी शिरेतून औषध द्यायचं. ते गाठीत जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी गाठीवर लाल लेसर सोडला की औषध पेटून उठतं आणि गाठीला मारतं. पण नंतर काही आठवडे उजेडापासून लांब राहायचं, नाहीतर कातडी भाजते. मी म्हटलं, निश्चिंत राहा डॉक्टर, कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे मी. तरी त्यांनी सगळं पुन्हा माझ्या मेहुणीला समजावलं. बहुतेक तिला कळलं नसावं.

हिचं तोंड धड उघडत नाही. बोलणं अर्धंच कळतं. बाकीचं मी लावून घेतो. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं जमतंच.

६ मार्च
लेसर झाला. चेहरा सुजून ओळखू येत नाही. रात्रभर कण्हत होती. म्हटलं, दुखतंय म्हणजे औषध लागू पडतंय. काहीतरी पुटपुटली. 'तुम्ही आहात म्हणून' असं असावं. नर्सने मला घरी जाऊन झोपायला सांगितलं. स्टाफ प्रेमळ आहे. (शेजारच्या पेशंटने माझ्या घोरण्याची तक्रार केली, तो मुद्दा वेगळा.)

९ मार्च, सकाळ
घरी आणलं. अंधाराचं खातं माझ्याकडे. बेडरूमला जाड पडदे, मंद दिवा, दारावर 'उजेड आणू नये' अशी पाटी. पडदे मेहुणीने शिवले, पण माप माझं.

संध्याकाळ
माप वीतभर कमी पडलं. फटीला वर्तमानपत्र चिकटवलं. निश्चय: उद्या नवीन पडदे.

१० मार्च
ऑफिसात ऑडिट. पडदे उद्या.

१२ मार्च
पडदे रविवारी नक्की. अंधारात बसून माझं डोकं चढतं, म्हणून गॅलरीतूनच लक्ष ठेवतो.

१५ मार्च, रविवार
मॅच. आजाऱ्याभोवती वातावरण हसतंखेळतं हवं, म्हणून ऑफिसातल्या चौघांना बोलावलं. टीव्ही बेडरूममध्येच, म्हणजे हिचीही करमणूक. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. एकजण म्हणाला, फार कोंदट झालंय, आणि त्याने पडदा सारला. भर दुपारचं ऊन. मी अडवणारच होतो, पण शेवटची ओव्हर होती. ही ओरडत होती. मला वाटलं, स्कोअर विचारतेय.

१६ मार्च
हात आणि मान भाजलीय. टपोरे फोड आलेत. हॉस्पिटलात नेलं, तर डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावर ओरडले. तरुण आहेत, अनुभवाने निवळतील. हिला विचारलं, रागावलीस का? काहीच बोलली नाही. म्हणजे नाही.

१८ मार्च
मेहुणी येऊन हिला घेऊन गेली. तिच्याकडे मागची खोली बिनखिडकीची आहे, एवढंच कारण. जाताना मला म्हणाली, भावोजी, आता तुम्ही आराम करा. माझी दगदग निदान एकीच्या तरी लक्षात आली.

२५ मार्च
आज भेटायला जाणार होतो. ऊन फार होतं.

४ एप्रिल
फोन केला. तपासणी कालच झाली. मला कळवायचं राहून गेलं असणार. गाठ निम्म्याने उतरलीय. दुसरा डोस पुढच्या आठवड्यात. म्हटलं, लगेच रजा टाकतो. मेहुणी म्हणाली, थांबा, तिला देते. मग हिने फोन घेतला. तोंड उघडायला लागलंय म्हणाली. आणि म्हणाली, मी आता परत येणार नाही. डोसनंतर नाही, बरी झाल्यावरही नाही.

मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही.

तिने पुन्हा सांगितलं. अगदी स्पष्ट.