दिव्याची बाजू

७८६
मोमिनपुरा, पुणे
३० जुलै १९७९

प्रिय भाईजान,
सलाम वि. वि.

आधी झालं ते लिहिते.

१. मंगळवारी बाइंडिंग करताना अब्बांनी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा एक भाग उलटा शिवला.
२. विद्यार्थ्याने दुकानात आवाज चढवला.
३. अब्बांनी प्रबंध उसवून पुन्हा शिवून दिला.
४. दुकानाच्या जागेचे मालक माधवराव समोरच चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं.
५. संध्याकाळी ते घरी आले. मैनुद्दीनभाई, आता आराम करा, किल्ली माझ्याकडे द्या, असं म्हणाले.
६. अब्बा म्हणाले, मुलांना विचारून ईदनंतर सांगतो.

मला काळजी सहाव्या मुद्द्याची आहे. अब्बांनी आजवर कुणाला विचारून काही केलेलं नाही.

परवा रोजे सुरू झाले. डबा बंद, तरी अम्मी सकाळी अब्बांच्या पिशवीत एक फडकं घडी घालून ठेवते. आज मी ते उघडून पाहिलं. दोरा ओवलेल्या सुया ओळीने टोचलेल्या होत्या. अब्बांना ओवता येत नाही म्हणून ती रोज देते. कधीपासून, असं विचारल्यावर तिने मला पोळ्या लाटायला बसवलं.

अब्बांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटले. मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही, तोवर चांगला उजेड हवा, असं ते म्हणाले. दुकानात एकच बल्ब आहे आणि तोही पाठीमागे. म्हणजे अब्बा स्वतःच्याच सावलीत शिवतात.

ईदच्या भेटीचं तुम्ही विचारलं होतं. गेल्या वर्षीचं घड्याळ, थर्मास आणि ब्लँकेट कपाटात सुखरूप आहेत. अम्मी ते चांगल्या दिवसासाठी ठेवते. तो दिवस कोणता, हे तिने अजून ठरवलेलं नाही. या वेळी कपाटात मावणार नाही असं काहीतरी देऊ. वाकवता येईल अशा दांड्याचा दिवा मी आमच्या कारखान्यात बनवून घेते आहे. त्याला बसवायला मोठं भिंग लागेल. तेवढं तुम्ही पाठवा.

पत्र मराठीत आहे, म्हणजे फक्त उर्दू वाचणारे अब्बा ते वाचायला मागणार नाहीत. तुम्हीही मराठीतच लिहा. तब्येत सांभाळा आणि माया आहे तशी राहू द्या.

आबेदा

७८६
कुवेत
१० ऑगस्ट १९७९

लाडक्या आबेदाबाई इंजिनीअर यांस,
हुसेनचा सलाम आणि दुआ.

तुझं 'वि. वि.' वाचून शाळेतल्या बाई आठवल्या. मुद्दे मात्र एखाद्या यंत्राचा बिघाड कळवावा तसे आहेत. त्यांना क्रमांक देताना अब्बांचा चेहरा कसा होता, हे लिहायचं राहून गेलं का?

माझं म्हणणं सरळ आहे. माधवराव बरोबर बोलतात. चौसष्टाव्या वर्षी कालच्या पोराने अब्बांवर ओरडावं, यासाठी मी इथे आलो नाही. दुपारी इथल्या लोखंडी जिन्याला हात लावता येत नाही, त्यावर मी उभा असतो, ते अब्बांनी घरी बसावं म्हणून. किल्ली देऊन टाका. माझी ईदची भेट म्हणजे आराम. एक आरामखुर्ची पाहून ठेवली आहे, पाय वर करता येतात अशी. ते दुकानात बसणार असतील, तर मी इथे कशाला आहे, एवढं मला सांग.

अम्मीच्या सुयांचं वाचलं आणि त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे रोजाच होता, पण इफ्तारलाही जेवलो नाही.

आपल्या गल्लीतला चांद ईदसाठी येतो आहे. आरामखुर्ची त्याच्या सामानात मावत नाही, तेव्हा नाइलाजाने भिंग पाठवतो. याचा अर्थ मी तुझं ऐकलं असा काढू नकोस. अम्मीला सांग, ब्लँकेट निदान हिवाळ्यात तरी काढ.

अब्बांचंही विचारणारं पत्र आलं आहे, त्यांना काय लिहावं, सुचत नाही. तुझी वटवट चालू ठेव, तिच्यावरच माझे दिवस जातात.

हुसेन

ता. क. दिवा कुठल्या बाजूला लावतेस? अब्बा सुई डाव्या हाताने चालवतात. दादीने चिमटे काढून काढून खाणं-लिहिणं उजव्या हातावर आणलं. सुईपर्यंत तिचा चिमटा पोचला नाही. मी शाळेनंतर समोर बसून दोरा ताणून धरायचो, मला तो हात अजून दिसतो. दिवा उजवीकडे हवा, नाहीतर त्याच हाताची सावली टाक्यावर पडेल.

७८६
मोमिनपुरा, पुणे
२८ ऑगस्ट १९७९

प्रिय भाईजान,
सलाम. ईद मुबारक.

दिवा मी डावीकडे लावला होता. ईदच्या आधी तपासून घ्यावा म्हणून लवकर बसवला. पुस्तकात डावीकडेच सांगतात. अब्बांनी मनापासून कौतुक केलं आणि शिवायचं काम उचलून दारातल्या उजेडात नेलं. रोज नेत होते. मला वाटलं, सवय जात नाही.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी दांडा उजवीकडे घेतला. मी जन्मभर त्यांच्यासमोर जेवायला बसले आहे. शिवताना समोर कधी बसले नव्हते.

चांदने भिंग नीट आणलं. ईदच्या नमाजनंतर अब्बा शिरखुर्मा अर्धा ठेवून म्हणाले की जरा जाऊन येतो. ईदला त्यांनी दुकान कधी उघडलेलं नाही. मी मागोमाग गेले. त्यांनी स्वतः सुई ओवली. पहिल्यांदा दोरा हुकला, दुसऱ्यांदा गेला. मग एक जुनी वही शिवून मला दाखवली. मी टाके ओढून पाहिले, सगळे सरळ आणि घट्ट होते. दिव्याची बाजू कुणी बदलली, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. मग अब्बा भिंग पुसत बसले. ते आधीच स्वच्छ होतं. त्यांचा चेहरा कसा होता, ते या वेळी लिहिते: दोरा धरायला समोर कुणी बसलं आहे, असा.

काल अम्मीने फडकं पिशवीत ठेवलं होतं. संध्याकाळी सगळ्या सुया तशाच परत आल्या. अम्मीने दोरे काढून रिळाला गुंडाळले आणि अब्बांना ऐकू जाईल असं म्हणाली की आता म्हाताऱ्याचा रुबाब कोण सोसणार. मग कपाटातला थर्मास काढून त्यांच्या दुपारच्या चहासाठी धुऊन ठेवला. तो चांगला दिवस म्हणजे बहुधा हाच.

तुम्ही विचारलंत, मग तुम्ही तिथे कशाला आहात. अब्बांनी बसावं म्हणून, असं तुम्हीच लिहिलं आहे. बाइंडर बसूनच काम करतो. तुम्ही धाडता त्यात घर चालतं, म्हणून आता कुणी ओरडलं तर अब्बा त्याचं काम परत करू शकतात. पुढच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेही तुमच्या जोरावर होईल. आरामखुर्ची घ्या, ऑपरेशननंतर लागेल.

दुकान ठेवावं, असं मी अब्बांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की मी दोघांना विचारलं आहे, अजून एकाचंच उत्तर आलं. माधवराव १५ सप्टेंबरला विचारायला येणार आहेत.

हे पत्र कुवेतला परत निघालेल्या चांदच्या हाती देते आहे. तुमचं उत्तर मला नको. ते अब्बांना लिहा, उर्दूत, तुमच्या हाताने. एक ओळ पुरे. ते १२ सप्टेंबरपर्यंत इथे पोचावं.

आबेदा