माझ्याच खांबाला घासून

रेनो, ४ ऑगस्ट १९७४

ती. एडनाताईस, लोरेटाचा सा. न. वि. वि.

जर्दाळूचा मुरांबा पोचला. तुझ्या लाडक्या हॉलिसने अर्धी बरणी नुसत्या चमच्याने संपवली.

मासिकाच्या संपादकांचा फोन होता. गेल्या वर्षीच्या मुखपृष्ठावरच्या माझ्या फोटोवर ते खूश आहेत. यंदाच्या विमानशर्यतीतही हॉलिसचंच विमान हवं, पण आणखी जवळून, म्हणाले. ताई, मला नकोय गं हे. सकाळी बस आम्हा फोटोवाल्यांना वाळवंटात, विमानं ज्याला वळसा घालतात त्या उंच खांबाशी सोडून जाते. शर्यत संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. आणि माझा नवरा नेमका माझ्याच खांबाला घासून वळतो! मी बटण दाबते आणि डोळे मिटून घेते. पण उडणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. ते मुखपृष्ठही त्याला बरं वाटावं म्हणून बैठकीत लावलंय. मी नको म्हटलं तर तो खचेल. त्याला यातलं काही कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ.

धाकटीवर लोभ जरा जास्तच असू दे.

तुझी लोरेटा

रेनो, ९ ऑगस्ट १९७४

ती. एडनाताईंस, हॉलिसचा सा. न. वि. वि.

मुरांबा संपला, हे कळवायचं निमित्त. खरी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या वर्षी शर्यतीत तेल उडून समोरची काच काळी झाली, तेव्हापासून विमानात चढायचीच मला धास्ती वाटते. खांबापासून लांबून वळलो तर धोका कमी, पण मग लोरेटाच्या फोटोत विमान माशीएवढं दिसतं. मुखपृष्ठ तिने बैठकीत लावलंय, येईल त्याला दाखवते. मी माघार घेतली तर तिचं कामच जाईल. तिला सांगू नका, तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ.

या भित्र्यावर लोभ कमी होऊ देऊ नका.

आपला हॉलिस

विनेमका, १४ ऑगस्ट १९७४

चि. लोरेटा व चि. हॉलिस यांस अनेक उ. आ.

हे एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने गप्प बसून ऐकावं. दोघांनी शपथा घालून मला पार कोंडून टाकलंत. अन्न गोड लागत नाही. आज दोन्ही शपथा मोडते, काय व्हायचं ते माझं होवो.

हॉलिस, तू खांबाला घासून वळतोस तेव्हा ती डोळे मिटते. भिंतीवरचं मुखपृष्ठ तुझ्यासाठी आहे रे, तिला ते बघवत नाही. लोरेटा, ह्याला उडायचंच नाहीये. विमानाची धास्ती घेतलीय, तरी तुझ्या फोटोसाठी जवळून जातो. गाढवांनो, एका ताटात जेवता आणि एवढं विचारता येत नाही? माझ्यावर रागवा, वर्षभर बोलू नका, पण ह्याने उडू नये.

तरीही तुमच्यावर माया करणारी,
एडना

रेनो, १५ सप्टेंबर १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मीच वाचलं. मग हॉलिसने नाव मागे घेतलं. संपादकांनी माझ्या जागी दुसऱ्याला नेमलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

आज अंतिम शर्यत. विमानांचा आवाज घरापर्यंत येतोय. हॉलिस समोर बसलाय, टेबलाची कड घट्ट धरून. प्रत्येक वळणाच्या आवाजाला पांढराफटक पडतो. इतकी वर्षं मी त्याचं विमान टिपत होते. शर्यत चालू असताना त्याचा चेहरा आज पहिल्यांदा पाहते आहे.

तुझीच,
लोरेटा