जप्तीची दैनंदिनी

बाबा, तुमची दैनंदिनी सापडली. आईच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत होती. अक्षर अजून कवायतीला उभं असल्यासारखं ताठ आहे. जंगलखात्याचे नाकेदार म्हणून ज्या डोंगरावर तुम्ही हिंडलात, तिथं कुणाला पकडलं, काय हिसकावलं, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. ‘नाल्यावरील जोड मोह. आंधाची बाई पाला जाळताना आढळली. विळा जप्त.’ पानामागून पानं हेच. फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पाला लोटून, ढीग करून जाळायचा, म्हणजे पहाटे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात, ही त्या आंध आदिवासींची रीत. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. तुमच्या खात्याच्या लेखी मात्र तो जंगलाला आग लावण्याचा गुन्हा होता.

ते विळे मला आठवतात. चुलीमागच्या कोनाड्यात त्यांची रास असायची. मी आठ वर्षांची आहे, आई त्यातला एक घेऊन शेळीसाठी पाला कापते आहे आणि तुम्ही जेवता जेवता ओरडता, “ठेव तो! मुद्देमाल आहे.” आई म्हणते, “मुद्देमालाला गंज चढून राहिला. जिचा हाय तिच्या घरी गवत तरी कापलं असतं.” तुम्ही ताट सारून उठलात. त्याच आठवड्यात मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगला सोडताना तुम्ही बरणीभर मध दिलात. मुली बोटं चाटत होत्या आणि माझे बाबा जंगलाचे राजे आहेत, असं मी इंग्रजीत सांगत होते. आता वाचलं: ‘मध, एक मडकं, जप्त. पैकी निम्मा घरी नेला.’ कुणाच्या घरातून आणलात, तेही लिहिलंय.

मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर मी गप्प बसेन असं लोकांना वाटलं होतं. मागच्या वर्षी त्याच डोंगरावरच्या वस्तीतली एक बाई माझ्या दारात आली. वारंगा फाट्याकडून येताना दिसणाऱ्या बाकीच्या टेकड्या खडीसाठी फोडून झाल्या आहेत. हा एकच डोंगर हिरवा राहिलाय, कारण तिथली माणसं त्याला राखतात. धावडा, तेंदू, चारोळी आहे, साळिंदर आहे, खवल्या मांजरही कधी दिसतं. आता त्यावरही खडीवाल्याची नजर आहे. डोंगरावरचा सामूहिक वनहक्क गावाला मिळाला, तर ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुणी सुरुंग लावू शकणार नाही. “बाई, अर्ज तुमी लिवा,” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुमचं तुम्हाला लिहिता येत नाही का?” तर म्हणते कशी, “लिवता आलं असतं तं तुमच्या हातचा पानचट चहा काहून पेली असती?” त्या दिवसापासून आमचं जमलं. तुम्ही तिच्या सासूचा विळा घेतला होतात, हे तिला ठाऊक आहे. मी तुमची मुलगी आहे, हे तिला ठाऊक नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, त्याचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता.

परवा त्या अर्जाची सुनावणी झाली. म्हाताऱ्यांचे जबाब झाले, कुणाचा मोह कुठला ते एकेकानं सांगितलं. साहेब म्हणाला, “जबाब आहेत, पण जोडीला दुसरा पुरावा लागतो. जुनं काही लेखी आहे का?” ती उठली. “साहेब, झाडालाच इचारा ना. थे तुमच्यापरीस जुनं हाय.” सगळे हसले, साहेबही. मी उभी राहिले. म्हटलं, “ज्यांना तुम्ही अक्षर शिकवलं नाहीत, त्यांच्याकडे कागद मागताना जीभ कशी अडखळत नाही तुमची?” तो म्हणाला, “मॅडम, रागावर हक्क मिळत नाही. कागद दाखवा.” बोलायला मी कधी कमी पडलेली नाही, बाबा, हे तुम्ही जाणता. अर्धा तास बोलले.

आणि तो अर्धा तास तुमची दैनंदिनी माझ्या पिशवीत होती. त्यांनी मागितलेलं सगळं तीत आहे: झाडं, नाले, नावं, सरकारी माणसाच्या हातची. तुम्ही गुन्हे म्हणून लिहिलेत, ते त्यांचे हक्क निघाले. पण तीत ते एक पानही आहे. ‘वस्तीच्या चार झोपड्या जाळल्या. एक म्हातारी बाहेर येईना, ओढून काढली. पाऊस चालू.’ आणि खाली, दुसऱ्या दिवशीचं: ‘म्हातारी वारली. नोंद करू नये असे साहेबांचे सांगणे.’ तरी तुम्ही केलीत. का केलीत, हे विचारायला आता उशीर झाला. बैठकीत तुमचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, आणि नातवंडं त्याच्या पाया पडून परीक्षेला जातात. मी पिशवीची चेन उघडली. चष्म्याचं घर काढलं. चेन लावली.

दावा फेटाळला. अपिलाला मुदत आहे, असं सांगतात. खडीवाल्याची माणसं मात्र कालच डोंगरावर चुन्याच्या खुणा करून गेली. हे पत्र त्याच पानात ठेवते आहे, दुसरीकडे कुठं ठेवणार? त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्यांवर ती माझ्यासाठी थांबली होती. पदराच्या गाठीतून चारोळीचं पुडकं काढलं. “सासूच्या झाडाखालच्या हायत. लई भांडल्या तुमी आमच्यासाठी.” मी नको म्हणायला हवं होतं. मी घेतल्या, बाबा, आणि घरी येऊन खिरीत घातल्या. तुम्ही निदान लिहून तरी ठेवायचात.